हरीमामांच्या फणसावरचं विमान

हरीमामांकडे चहा मिळायचा, पण आधी विमानातून पडून दाखवावं लागायचं.

लढाई संपल्यावर ते चौक गावाजवळच्या आमच्या खेड्यात परतले. लढाईभर ते एका विमानशाळेत, म्हणजे नव्या पोरांना विमान चालवायला शिकवत तिथे, मेकॅनिक होते. दारातल्या फणसाला त्यांनी एक खुर्ची टांगली होती. पायाशी दोन फळ्या आणि मधे, दांडा म्हणून, नांगराचं जुनं रुमणं. आलेल्या माणसाला तीत बसवायचं, दोराला पीळ द्यायचा आणि सोडून द्यायचं. खुर्ची गरगरू लागली की मामा विचारत, "इमान पडतंय. काय करशील?"

आता जमीन डोळ्यांपुढे फिरत असताना शहाणा माणूस काय करील? दांडा छातीशी ओढून गच्च धरील. मामा शांतपणे म्हणत, "वारलास."

उलट्या बाजूची फळी पायानं दाबायची आणि दांडा पुढे, म्हणजे चक्क जमिनीकडे, लोटायचा, हा त्यांचा धडा. "पडताना वर वढशील तर हवा इमानाला धरायची नाय. पुडं लोट, येग येऊ दे, गरगर थांबंल. मंग सावकाश वर घे."

पोस्टमन वारला, तलाठी वारला, सत्यनारायणाला आलेले भटजी तर पोथीसकट वारले. मी दोनदा वारलो. वारलेल्यांना चहा बिनसाखरेचा मिळे. साखर रेशनवर होती, त्यामुळे मामींची या शिक्षणाला फारशी हरकत नसे.

अशात माझा धाकटा भाऊ श्रीधर खऱ्या विमानशाळेसाठी निवडला गेला. गावानं त्याला हार घातले. मामांनी फक्त विचारलं, "किती दिस हायत?"

"आठ."

"उद्या उजाडता ये."

श्रीधर हुशार होता, पण दहाव्या वर्षापासून आमची भाताची गाडी कर्जतच्या गिरणीला तोच न्यायचा. उतारावर बैल उधळले की कासरा मागे खेचायचा, हे त्याच्या हातांत मुरलेलं. खुर्ची सुटली की दांडा छातीशी यायचा आणि श्रीधर वारायचा. सातव्या दिवशी मामांनी त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली.

माझा तोल गेला. "मामा, तुम्ही स्वतः कधी विमान उडवलंय? नुसते नटांवर पाने फिरवलेत. घरी आई रडतेय आणि तुम्ही रोज त्याला मेलास मेलास म्हणताय."

मामा फणसाच्या मुळावर खाली बसले.

"साजगावचा एक पोर हुता तिथं," ते म्हणाले. "आपल्याकडचा म्हनून सांच्याला माज्याकडं यायचा. सायबाचं इंग्रजी झरझर, त्याला पुरतं उमजायचं नाय. एक दिस इचारलंन, मामा, इमान गरगरलं तर काय करू? मला तरी कुठं ठावं हुतं? म्हनलं, बैल उधळल्यावर काय करतोस रं? कासरा वढतोस ना, तसाच दांडा वढून धर."

त्यांनी हात लांबवून खुर्चीचा दांडा सरळ केला.

"दुसऱ्या दिशी एकटाच वर गेला. मोडकं इमान उचलाया मीच गेलो. दांडा पोटाशी वढून धरलेला, तसाच. माजं आयकलं त्यानं."

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. श्रीधर खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "मामा, परत एकदा."

मामा उठले, पण दोराला पीळ द्यायचं सोडून श्रीधरच्या हाताकडेच बघत राहिले. मग पीळ मी घातला, चांगला दहा वेढ्यांचा, आणि सोडला.

श्रीधरचा हात छातीकडे निघाला, मधेच थबकला आणि पुढे गेला. मामांनी खुर्ची धरून थांबवली. त्याचा तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.