गद्रे काकांचं दुसरं पान

माझ्या मुलीचं लग्न ठरलं ही बातमी मी सगळ्यात आधी गद्रे काकांना सांगितली. त्यात आदर वगैरे काही नव्हता. मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला बाहेर आले होते आणि काका समोर उभे होते. त्यांनी चेहरा जराही न हलवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. दुसरं पान येऊ दे."

मी रागावले नाही. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावातला कुठलाच मराठी माणूस यावर रागावत नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल सांगितला, कुणाला बढती मिळाली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, काकांचं उत्तर एकच.

याचं मूळ त्यांच्या टीव्हीच्या डिशमध्ये आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा त्यांच्या मागच्या अंगणात दहा फुटांची डिश होती आणि बेसमेंटमध्ये मायक्रोवेव्हएवढा रिसीव्हर. लोकांना त्यावरच्या चॅनेल्सचं कौतुक. काकांना चित्रांत रस नव्हता. चित्राच्या पाठोपाठ तेव्हा एक डेटा सर्व्हिस यायची. नुसती अक्षरं. जगभरच्या बातम्या, हवामान, क्रिकेटचे स्कोअर, सगळं हिरव्या अक्षरांत, एकेक ओळ करत. एक पान भरेपर्यंत चहा होऊन तो पिऊनही व्हायचा.

काका ती पानं वाचून मराठीत लिहून काढत आणि आपल्या आन्सरिंग मशीनवर रेकॉर्ड करत. सकाळी सातपासून आसपासची मराठी घरं त्यांचा नंबर फिरवायची. चार रिंग, मग काकांचा आवाज: "गद्रे बुलेटिन. मुंबईत पाऊस. मिरजेत चौतीस अंश. मद्रास कसोटी अनिर्णित." मग टूं. टूंनंतर लोक फर्माइशी ठेवायचे. अकोल्याचं तापमान का सांगत नाही, म्हणून एका बाईंनी रीतसर तक्रार नोंदवली होती.

डिशवर काकूंचाही हक्क होता. एका उन्हाळ्यात त्यांनी रिमोट दाबून डिश उन्हाकडे वळवली आणि तिच्यात साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या. काका दोन दिवस बेसमेंटमध्ये वायरी तपासत बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटात पापडी आली तेव्हा उलगडा झाला. काकू म्हणाल्या, "तुमच्या उपग्रहाला दोन दिवस विश्रांती."

आणि मग ती फायनल. पहिल्या पानावर आलं होतं, भारताला सहा धावा हव्यात, चार गडी शिल्लक. काकांनी धीर सोडला आणि थेट 'भारत जिंकला' असं रेकॉर्ड करून टाकलं. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने ऑफिसला दांडी मारून घरोघरी पेढे वाटले. दुसऱ्या पानावर चारही गडी बाद झाले होते. पेढे कुणी परत केले नाहीत, पण काकांनी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून त्यांच्यासाठी जगातली प्रत्येक बातमी अर्धीच असते.

पुढे ती सर्व्हिस बंद पडली, प्रत्येकाच्या खिशात फोन आला, काकू गेल्या. काका एकोणऐंशी वर्षांचे झाले. त्यांची मुलगी मैथिली पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला असते. ती तीन वर्षं त्यांना बोलावत होती आणि काका तीन वर्षं 'बघू' म्हणत होते. गेल्या मार्चमध्ये ते बर्फावर घसरले. नुसतं मनगट मुरगळलं, पण मैथिलीने मला फोन केला.

"मावशी, बाबा त्या डिशसाठी थांबलेत. सीरियसली. माझ्या टाउनहाउसला डिश अलाउड नाही. तू बोल ना त्यांच्याशी."

मी दातांच्या दवाखान्याचं ऑफिस सांभाळते. नको असलेल्या ठिकाणी माणसांना यायला लावणं हेच माझं काम. दुसऱ्याच दिवशी कामावर जाण्याआधी, सातला पाच मिनिटं कमी असताना, मी रिकामी खोकी घेऊन काकांकडे गेले.

काकांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. टेबलावर लँडलाइन, शेजारी मोबाइलवर हवामान उघडलेलं. फोन वाजला. काकांनी बोटांवर चार रिंगा मोजल्या, उचलला आणि एकसुरी आवाजात म्हणाले, "गद्रे बुलेटिन. मिरजेत छत्तीस अंश. आकाश निरभ्र." पुढे दोन बातम्या. मग मान वर करून, तोंडानेच, "टूंऽऽ."

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा खणखणीत आवाज सुरू झाला. काल गुडघा बरा होता. जेवणात पुन्हा तोच उकडलेला पास्ता. शेजारची बाई आपली कवळी समजून माझी घेऊन गेली. इथे काकांनी हसू दाबायला नॅपकिन तोंडात कोंबला. खांदे गदगदत होते, पण आवाज नाही. पाच-सात मिनिटांनी "बरं, ठेवते" झालं.

"काका, मशीन कुठंय?"

"बिघडलं. सहा वर्षं झाली."

"आणि ह्या कोण?"

"लेले मावशी. वूस्टरला वृद्धाश्रमात असतात. एक्क्याण्णव. दिसत नाही फारसं. हा एकच नंबर बोटांना पाठ आहे."

"मग सरळ बोला ना त्यांच्याशी."

"मशीन आहे म्हणून रोज करतात गं. माणूस आहे हे कळलं तर 'उगीच कशाला त्रास' म्हणून बंद करतील. आपली माणसं तुला माहीत नाहीत?"

"आणि डिश?"

"डिश आजच काढ. तिचं काय? घर सोडलं की हा नंबर जाईल ना."

मी खोकी खाली ठेवली. "काका, हा नंबर मोबाइलवर घेता येतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

आयुष्यभर आकाशातले उपग्रह शोधणाऱ्या माणसाने हे तीन वर्षांत कुणालाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

मी तिथूनच फोन कंपनीला फोन लावला. अर्धा तास नाही, दीड तास लागला, आणि मला त्या दिवशी उशीर झाला. जूनमध्ये काका रेडमंडला गेले. डिश भंगारवाला घेऊन गेला. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मोबाइलला पुरेशी रेंज येते का हे चौथ्यांदा तपासत होते.

मैथिलीची आता नवी तक्रार आहे. "मावशी, बाबा रोज पावणेचारला उठतात. व्हाय?"

तिथले चार म्हणजे इथले सात. "वय झालं की झोप कमी होते," मी सांगितलं.

गेल्या आठवड्यात काकांचाच फोन आला. आवाज पार बसलेला.

"सर्दी?"

"इथला पाऊस. अगं, लेले मावशींनी आज निरोप ठेवला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'तुमच्या मशीनचा घसा बसलाय. आलं घालून चहा द्या त्याला. आणि दोन दिवस नाही बोललं तरी चालेल म्हणावं.'"

"म्हणजे त्यांना माहीत आहे?"

"मी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस."

"चहा घेतलात का?"

"घेतला," काका म्हणाले. "आलं जरा जास्तच पडलं."