आवळ्यांची सुटका

बुलढाण्यात माझ्याइतका स्वच्छ माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. मी धुतलेल्या काचेच्या नळीकडे जंतू फिरकत नाहीत. म्हणूनच दिवाळीत पुण्याला गेलो असताना साडू गोकुळ घरी केलेली आंबट बिअर पाजून म्हणाला, "साडभाऊ, हे बुलढाण्यात जमायचं नाही. हायजीन लागतं," तेव्हा मला ते फार झोंबलं. हाच गोकुळ आमच्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यात गुरांच्या हौदातलं पाणी ओंजळीनं पीत मोठा झाला. मी तिथल्या तिथे त्याला संक्रांतीचं आमंत्रण दिलं. "या, आमची पाजतो."

घरी येऊन जव उकळले, दह्याचं विरजण लावून आंबवले, मग यीस्ट घातलं. बिअर म्हटलं असतं तर आईनं मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून सांगितलं, "मुतखड्यासाठी जवाचं पाणी आहे." तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण लोणच्याची काचेची बरणी मिळाली. तीही आंघोळ करून, कोरड्या हातानं घ्यायच्या अटीवर. बरणीच्या बाबतीत आईचे नियम आमच्या प्रयोगशाळेपेक्षा कडक आहेत.

शेवटी फळ घालायचं होतं. परसातले आवळे निवडले. खरा धोका इथेच असतो, कारण फळासोबत नको ते जंतू आत गेले की सगळंच नासतं. मी आवळे धुतले, वाफवले, गार केले आणि तोंडाला मास्क लावून एकेक बरणीत सोडला. बायको वंदना दारातून पाहत होती.

"काय करून राह्यले तुमी?"

"ऑपरेशन."

"कोणाचं?"

मी पुढचा आवळा बरणीत सोडला.

संक्रांत तोंडावर आली आणि बरणीत पांढरी साय धरली. गोकुळसमोर आता काय तोंड दाखवणार? शेवटी अभिमान गिळून त्यालाच फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"साडभाऊ, नासली नाही. आंबट बिअरवर अशी साय धरते. उलट जमलीय तुम्हाला. फक्त तिला हात लावू नका आणि कोणाला लावू देऊ नका."

त्या आनंदात मी कॉलेजला गेलो. कोणी हात लावायचा नाही, हे घरात सांगायचं तेवढं राहिलं.

संध्याकाळी परतलो तर बरणी ओट्यावर घासून उपडी घातलेली.

"आई, यातलं पाणी?"

"बुरा आला होता त्याच्यावर. कढीपत्त्याले घातलं. आंबट चालते त्याले."

"अन् आवळे?"

"ते वाचवले म्या. धुतले, उन्हात सुकवले, मोहरी-तेल लावून दुसऱ्या बरणीत भरले. तू काऊन घामाघूम होऊन राह्यला? तुह्यासाठी ताजं जवाचं पाणी केलं आहे. घे."

इतके दिवस मी फळापासून बिअर वाचवत होतो, आणि आईनं बिअरपासून फळ वाचवलं होतं. मी ते पाणी उभ्यानंच प्यालो.

संक्रांतीला गोकुळ आला. जेवायला बसताना मला डोळा मारून त्यानं पेला पुढे केला. आईनं त्यात कोमट जवाचं पाणी ओतलं.

"प्या. तुमालेबी आहे काय मुतखडा?"

गोकुळनं एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पेला संपवला. मग भाकरीला लोणचं लावलं. थांबला. पुन्हा लावलं.

"मावशी, असलं लोणचं जन्मात खाल्लं नाही. काय घातलंय?"

जाताना तो अख्खी बरणी घेऊन पुण्याला गेला. हायजीनचं नावही काढलं नाही. मी मनातल्या मनात विजय साजरा करत होतो, तेवढ्यात आईनं प्रेमानं पाठीवर हात ठेवला.

"ज्ञानू, त्या सडक्या पाण्यानंच चव आली बरं आवळ्याले. पुढच्या सालीबी सडवजो बापा. दुसरं काही नाही, पण तेवढं चांगलं जमते तुले."