राळ, काकवी आणि व्याहीभेट

"मुंबईचा मिस्त्री जे करंल, त्ये म्या चुलीवर करून दाखवतो!" असं लालासाहेबांनी माघाच्या थंडीत जाहीर केलं, आणि त्यांच्या बायकोने, बनुबाईंनी, घरातली चांगली पातेली लपवायला घेतली.

लढाई संपून वर्ष उलटलं तरी मोटारीचं सामान कुठे मिळत नव्हतं. लालासाहेबांच्या जुन्या विलायती मोटारीच्या स्टीअरिंगवरचं काळं बेकेलाईट, म्हणजे त्या काळातलं प्लॅस्टिक, खापरासारखं तडकलं होतं. मधलं हॉर्नचं बटणही फुटलेलं. लालासाहेबांनी सोनाराकडची राळ, गुऱ्हाळातली काकवी आणि विटेची भुकटी एकत्र शिजवली, सगळे तुकडे सांधले, वरून जाड लेप दिला. सकाळी लेप असा कडक, की त्यावर वरवंटा हाणला तर टवका वरवंट्याचा उडाला!

"पर आवं, उन्हाळ्यात?" बनुबाईंनी विचारलं.

"उन्हाळ्यात दगूड इतळतो व्हय गं?"

झालं! पुढे तीन महिने, भेटेल त्याला त्या स्टीअरिंगवरून हात फिरवायला लावणं हा लालासाहेबांचा उद्योगच होऊन बसला.

वैशाखात त्यांच्या सयाजीचं लग्न ठरलं. मुलगी सांगलीजवळच्या हंबीररावांची. हंबीरराव माणूस दिलदार, पण मानापानाला महाकडक. व्याही मोटारीतून उशिरा उतरला एवढ्यावरून त्यांनी मागच्या साली याच मुलीची सोयरीक शिवेवर मोडली होती.

"मोटार थांबली की उडी मारायची अन् गळाभेट घ्यायची," बनुबाईंनी लग्नाला निघताना दोनदा बजावलं.

लालासाहेब स्वतः चालवायला बसले. मोटारीला टप नव्हता, आणि वर ऊन असं की टाळूवर भाकरी भाजावी! इस्लामपूर मागे पडलं तसं स्टीअरिंग हाताला मऊ लागायला लागलं.

"काय पकड हाय बघ सयाजी! हात हलतच न्हाईत!" लालासाहेब खुशीत ओरडले.

आष्ट्याच्या पुढे त्यांचं नाक खाजलं. हात उचलायला गेले, तर हात खरोखरच हलेना! दुसरा ओढला. तोही नाही! लालासाहेबांना घाम फुटला. पण तीन महिन्यांची फुशारकी आड आली, आणि ते न बोलता नाक वाकडं करत चालवत राहिले.

शिवेवर वाजंत्री तयार होती. काळा कोट, जरीचा फेटा, दोन्ही हात पसरलेले, असे हंबीरराव पुढे उभे होते. मोटार गचका खाऊन बंद पडली.

"या व्याही, या!"

लालासाहेबांनी सगळा जोर लावला. मोटार हलली, हात सुटले नाहीत.

"आवं, उतरा की!" बनुबाईंनी मागून चिमटा काढला.

"उतरतो की. हितं जरा वारं बरं लागतंय," लालासाहेब कसनुसं हसले.

हंबीररावांचे हात हळूहळू खाली आले. "आमच्या मातीला पाय लावायची लाज वाटती व्हय?"

निदान मान तरी लववावी, म्हणून लालासाहेबांनी भक्तिभावाने डोकं खाली नेलं. कपाळ नेमकं बटणावर! भॉऽऽऽ! हॉर्न हंबीररावांच्या तोंडावर वाजला. लालासाहेबांनी डोकं वर घेतलं, पण चिकट बटण आतच बसलं. बाजूच्या गाड्यांचे बैल उधळले, वाजंत्रीवाले गप्प झाले, हॉर्न थांबेना.

"मांडव सोडा रं! मोडली सोयरीक!" हंबीरराव गरजले.

"आबा, आवं काय केलंसा ह्ये!" सयाजीच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. लालासाहेबांनी पोराचा तो चेहरा बघितला. गेली फुशारकी खड्ड्यात!

"व्याही!" ते हॉर्नच्या वर आवाज चढवून ओरडले, "म्या माजोरी न्हाई! म्या चिकाटलोय!"

हंबीररावांनी वाकून पाहिलं. स्टीअरिंगला बोट लावलं, तर बोटामागे राळेची हातभर तार आली. आणि मग ते असे हसले, की फेटा घरंगळून मानेवर आला.

सयाजीने हॉर्नची तार उपटली. बायकांनी गरम पाण्याचे हंडे ओतले आणि लालासाहेब एकदाचे सुटले. ओरडल्याची लाज वाटून हंबीररावांनी त्यांना तिथेच छातीशी कवटाळलं. लालासाहेबांनीही त्यांच्या पाठीवर दोन्ही तळवे दाबले. वाजंत्री वाजली, दोघांवर अक्षता पडल्या. मिठी काही सुटेना.

"व्याही, पुरं आता. सोडा," हंबीरराव कानात पुटपुटले.

"म्या कवाच सोडलंय. तुमचा कोट सोडंना."

"मग हसत ऱ्हावा. लोक बघत्यात."

गर्दीतल्या शालूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अशी माया म्या जल्मात बघितली न्हाई!"

थोडा वेळ दोघे तसेच हसत उभे राहिले. मग हंबीरराव आणखी हळू आवाजात म्हणाले, "व्याही, ह्ये जे काय बनिवलंय, त्येच्यातलं थोडं उरलंय का? माझ्या बंदुकीचा दस्ता मोडलाय. मिस्त्री म्हणतोय, जमत न्हाई."

लालासाहेबांची छाती अशी फुगली, की हंबीररावांचा कोट पाठीत टर्रकन उसवला.

"डबाभर हाय की! पर बंदूक तेवढी थंडीतच चालवा!"