सुभेदाराच्या मापाचं दार

एका जंगलात कापशी नावाची सशीण राहत होती. पिल्लं झाली तेव्हा तिनं वनदेवीला नवस केला होता. 'आई, माझ्या पाचही जिवांचे डोळे धडपणे उघडू देत. होळीपर्यंत मी मंगळवारी दूर्वा तोंडात घालणार नाही.'

आता बाळांनो, सशानं दूर्वा सोडायची म्हणजे काय, हे तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही नवसाला कारलं सोडता.

देवी पावली. पाचही पिल्लांनी डोळे उघडले आणि ती घरभर दुडुदुडु धावायला लागली.

घर म्हणजे साधं बीळ. पुढचं दार सशापुरतं, मागचं त्याहून अरुंद. कोल्हा फिरायला निघाला की पुढच्या दारात नाक खुपसायचा. नाकामागचा कोल्हा काही आत यायचा नाही. मग तो शिंकायचा आणि जायचा. सात पिढ्या हे असंच चाललं होतं, म्हणून त्याला कुणी सुरक्षा म्हणत नव्हतं.

एके दिवशी कापशीचे सासरे, म्हणजे मामंजी, फिरून आले ते धापा टाकतच.

"कासवानं कुत्रा ठेवला!" ते म्हणाले. "अरे, पाठीवर किल्ला घेऊन हिंडतोय तो. त्यानं ठेवला! आणि आपल्या घरात पाच लेकरं!"

"बाबा, कुत्रा म्हणजे जरा..." कापशीचा नवरा रावजी बोलायला गेला.

"तू गप्प बस. तुझी सावली हलली तरी तू दचकतोस."

कापशीला मामंजींचं पटलं. पाच लेकरं म्हटलं की तिला काहीही पटायचं.

जंगलात एक साळिंदर होता. घरोघरी कुत्र्यांची स्थळं दाखवायचा. त्यानं शुभ दिवस पाहून बघण्याचा कार्यक्रम ठरवला. कापशीनं अंगण सारवलं, रांगोळी काढली, पोहे केले.

आधी पामेरियन आला. मामंजींनी त्याला नीट न्याहाळलं. "हा तर माझ्या मावसभावासारखा दिसतो. रक्षण याचं आपणच करायचं का?"

मग लॅब्राडोर आला. सगळ्यांचे पाय चाटले, साळिंदराचेही चाटले, आणि जिभेला काटा टोचला म्हणून रडत बसला. "फार प्रेमळ आहे," कापशी म्हणाली. "म्हणूनच नको," मामंजी म्हणाले. "प्रेमळ आपण आहोतच."

डॉबरमन त्यांना हडकुळा वाटला. "लोक म्हणतील, ससे उपाशी ठेवतात."

अल्सेशियननं प्रश्न विचारला, "घराला दारं किती? कोल्हा कुठल्या वेळेला येतो?" मामंजींना राग आला. कार्यक्रमात प्रश्न मुलाकडच्यांनी विचारायचे असतात. त्याला पोहेसुद्धा मिळाले नाहीत.

शेवटी मॅस्टिफ आला. तो आला आणि अंगणात अंधार झाला. डोकं घमेल्याएवढं. गालाची कातडी गुडघ्यापर्यंत लोंबलेली.

"याची आजी विलायती, आजोबा संस्थानी," साळिंदर म्हणाला. "घराण्यात कुणी कधी जमिनीवर बसलेलं नाही."

"भुंकतो का?"

"काका, या जातीला भुंकायची गरजच पडत नाही."

मामंजींचे डोळे पाणावले. त्यांनी तिथल्या तिथं त्याचं नाव सुभेदार ठेवलं.

कापशी हळूच म्हणाली, "मामंजी, पण हे आत कसे येतील?"

"बाहेर ठेवू नका हं, वहिनी," साळिंदर घाईनं म्हणाला. "सर्दी होते. फार थोर जात आहे."

मामंजी हसले. "सूनबाई, दार मोठं करता येतं. कुत्रा लहान करता येत नाही."

बाळांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं असंच असतं. चुकीचं असतं, पण वाक्य चांगलं असतं.

मग सगळं घर खणायला लागलं. पुढचं दार सुभेदाराच्या मापाचं झालं. माजघरापर्यंतची वाट रुंद झाली. माजघराचं दार मात्र खडकात होतं, ते फारसं वाढलं नाही. आणि मागचं दार मामंजींनी स्वतः दगड लोटून बंद केलं. "कुत्रा एक आणि दारं दोन, म्हणजे अर्धं घर उघडंच की!"

कापशीनं सुभेदाराला ओवाळलं. त्याच्यापुढं गाजराची कोशिंबीर ठेवली. जावयानं शिळ्या भाकरीकडं पाहावं तसं त्यानं कोशिंबिरीकडं पाहिलं. मग तो पिल्लांकडं पाहायला लागला. पाहता पाहता त्याच्या तोंडातून लाळेची तार सुटली.

"अहो, हे असं काय बघतायत?" तिनं रावजीला विचारलं.

"माया लागली असेल," रावजी म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला.

कापशीनं घाईघाईनं तुपातला शिरा केला. सुभेदाराला तो मानवला. तेव्हापासून सकाळी शिरा, दुपारी शिरा, आरती झाली की शिरा. शिरा असला की तो पिल्लांकडं बघायचा नाही. म्हणून ती करतच राहिली. सुभेदार वाढतच राहिला.

जंगल बघायला यायचं. "काय भारदस्त दार झालंय हो!" म्हणायचं. कोल्हाही म्हणाला. त्याला तर दार फारच आवडलं.

एका दुपारी सगळं घर माजघरात असताना तो आला. नाक खुपसायचा विचार होता, पण सवय नसल्यामुळं अख्खाच आत आला. वाकावंही लागलं नाही.

"आहे का कुणी घरात?"

वाटेत सुभेदार निजला होता. त्यानं एक डोळा उघडला. जन्मात त्यानं कोल्हा पाहिला नव्हता. त्याच्या घराण्यात तशी पद्धत नव्हती. तो घाबरून उठला, वळला आणि सरळ माजघरात घुसायला गेला. डोकं गेलं. खांदे गेले. पोट मात्र अडकलं.

कोल्ह्यानं दोन चावे घेऊन पाहिले. सुभेदार केकाटला आणि आणखी घट्ट बसला. कोल्ह्याला पलीकडं जायला फटही उरली नाही. शेवटी तो शिंकला आणि गेला.

"पाहिलंत?" मामंजी माजघरात उड्या मारायला लागले. "याला म्हणतात जात! मुंगी तरी शिरेल का आता?"

खरंच शिरली नसती. निघालीही नसती. पुढं सुभेदार, मागं दगड. आणि दगड मामंजींनी बाहेरून लोटला होता.

कापशीनं वर पाहिलं. सुभेदाराची पाठ जगाकडं होती आणि तोंड तिच्या लेकरांकडं. त्याची भीती ओसरली होती. भूक मात्र लागली होती.

कापशीनं शिरा पुढं केला. सुभेदारानं तो चाटूनपुसून खाल्ला आणि स्वतः दारात आणखी रुतला. तिच्या ध्यानात आलं. शिरा दिला, तर हे कधीच निघणार नाहीत. नाही दिला, तर पोरं उरणार नाहीत. आणि कोठीतला रवा तळाला लागला होता.

"मामंजी, मी खणते," ती म्हणाली.

"काय? एवढ्या सुरक्षित घराला भोक पाडणार? जंगल काय म्हणेल?"

"देवीचं देवघर करते, मामंजी. कोपऱ्यात. छोटंसंच."

देवाचं नाव काढल्यावर मामंजींना नाही म्हणता येईना. कापशीनं पदर खोचला. तोंडानं आरती, नखांनी माती. रावजी शिऱ्याचा एकेक घास सुभेदाराला भरवत होता, आणि प्रत्येक घासाला आपला हात परत आला का ते पाहत होता.

"अगं, देवघर फार खोल चाललंय," मामंजी म्हणाले.

"देवी मोठी आहे, मामंजी."

आरती संपायच्या आत पलीकडून उजेड आला. सशापुरतं भोक. कापशीनं एकेक पिल्लू मानेला धरून बाहेर ठेवलं. पाचवं ठेवलं आणि मग ती रडली.

"मी तिला समजावून परत आणतो," असं म्हणून रावजीही बाहेर पडला. तो अजून समजावतोच आहे.

कापशीनं मागं वळून हाक मारली, "मामंजी, चला ना!"

"मी नाही येणार!" आतून आवाज आला. "एवढा बंदोबस्त सोडून उघड्यावर? वेडी का काय तू?"

सुभेदारानं त्यांना एकदा हुंगलं. फार वातड वाटले, म्हणून नाक वळवलं. दोघं तिथंच राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला आतून मामंजींचा आवाज ऐकू येतो, "इतक्या दिवसांत चोरी नाही, दरोडा नाही, कोल्ह्याचं नाव नाही!" ते ऐकून सगळे साळिंदराकडं मॅस्टिफसाठी नंबर लावतात.

तात्पर्य: घराच्या रक्षणासाठी कुत्रा घ्यायचाच, तर बाळांनो, दारात मावणार नाही एवढा थोर घ्यावा. म्हणजे घरातली माणसंच बाहेर पडतात, आणि रिकाम्या घराला कोल्ह्याचं भय उरत नाही. तुम्हीही आजच जातिवंत बघून आणा, ओवाळून घरात घ्या आणि मनोभावे शिरा घाला. फक्त आधी कापशीसारखा देवीला एक नवस बोलून ठेवा, आणि तेवढी नखं कापू नका.