मनगटातलं विरहगीत

"अगं ताई, आठच तर हाडं आहेत मनगटात! पाठ व्हायला कितीसा वेळ लागतो? एक गाणं ऐकते, की आलेच!"

एवढं ठणकावून चौकशीबाई घराबाहेर पडली. वैद्यकीय कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या या मुलीचं हे नाव ताईनेच ठेवलेलं. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही ती इतके प्रश्न विचारी, की तो बिचारा पाना तिथेच विसरून जाई! उद्या तोंडी परीक्षा, सकाळपासून त्या आठ हाडांनी डोक्यात धुडगूस घातलेला, आणि कोपऱ्यावरच्या बागेत लोकसंगीताचा महोत्सव, तोही फुकट! मग पाय घरात ठरतात होय?

बागेत शिरली ती थेट मंचामागे. तिथे एक आजोबा मांडीवर भलतंच वाद्य घेऊन बसले होते. भोपळ्याला मान फुटावी तसा आकार!

"आजोबा, हे काय आहे? ही खुंटी कशाला? तारा अशा तिरप्या का?"

"धर, नीट बघ," आजोबा उठत म्हणाले. "मी जरा पाणी पिऊन येतो."

ती खुंटी न्याहाळत होती, तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेल्या एक संयोजकबाई धावत आल्या.

"अहो, तुम्ही इथे! कधीची शोधतेय! चला, तुमचीच पाळी!"

"अहो पण मी..."

"पणबिण नंतर!"

आणि चौकशीबाई माइकसमोर उभी! समोर माणसंच माणसं. पळावं तर वाद्य आपटायचं, खाली ठेवावं तर कसं ठेवतात तेही ठाऊक नाही. तिने भीत भीत एक तार छेडली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. टाळ्या! आता गाणं तर हवं. डोक्यात हाडांशिवाय होतंच काय? तिने डोळे मिटले आणि रडवेल्या सुरात सुरू केलं,

"स्कॅफॉइऽऽड... लुनेऽऽट... ट्रायक्वेट्रऽऽल... पिसिफॉऽऽर्म..."

पहिल्या रांगेतल्या आजींनी रुमाल काढला. "ऐकलंत? 'लुटलं' म्हणाली! कुणी हो लुटलं हिला?"

"आणि पुढे 'पिसं फार'!" शेजारचे गृहस्थ हळहळले. "वेड लागलंय पोरीला!"

ती 'कॅपिटेट'पर्यंत पोचली, तर लोकांना ऐकू आलं 'का पेटे'! मग काय, अख्ख्या बागेने उचलून धरलं, "लुटलंऽ लुटलंऽ, पिसं फाऽऽर!" चौकशीबाईची भीती पार पळाली. 'ट्रॅपेझॉइड'सुद्धा म्हणतील का हे? तिने म्हणून बघितलं. म्हणाले की!

खाली उतरल्यावर संयोजकबाईंनी तिला मिठीच मारली. "कुठलं हो हे गाणं?"

"मनगटातलं," ती खरं तेच बोलली.

"मनगट! हे गाव आम्हाला ठाऊकच नव्हतं!"

आजोबा परतले होते. तिने वाद्य पुढे केलं. "घ्या तुमचं."

"माझं? छे गं! मलाही कुणीतरी धरायलाच दिलंय. मीही तुझ्यासारखाच विचारत बसलो होतो!"

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. समोर बाहेरून आलेले कडक परीक्षक. त्यांनी वाटाण्याएवढं एक हाड चिमटीत धरलं.

"हे कुठलं?"

तिच्या कानात अख्खी बाग गात होती. तोंडातून निसटलंच, "पिसं फार!"

"काय?"

मग तिने घाबरून सगळं सांगून टाकलं. मंच, माइक, मनगट. सरांनी हाड टेबलावर ठेवलं. चष्मा काढला.

"म्हणजे काल बागेत ते... पिसिफॉर्म होतं?"

"हो, सर."

"उभा जन्म हाडं शिकवण्यात गेला माझा," सर अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आणि काल मागच्या रांगेत बसून मी हुंदके देऊन रडलो!"

चौकशीबाईला राहवेना. "नेमकं कुठल्या हाडाला, सर?"

सरांनी दाराकडे बोट दाखवलं.