एल्फ आणि ड्वार्फ यांच्या लेकराबाबत

अमृतराव हे विवाह जुळवणी मंडळाचे तहहयात अध्यक्ष. पंचायत समितीतून अधीक्षक म्हणून ते रीतसर निवृत्त झाले, पण त्यांच्या अंगातली कचेरी काही निवृत्त झाली नाही. कोणाचं कोणाशी जमतं, कोणाचं जमत नाही आणि कोणाचं जमत असूनही जमवू नये, या विषयात सेनगावपासून औंढ्यापर्यंत त्यांचा शब्द शेवटचा. समोरच्याने चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत त्याची पोटजात, कूळ आणि आजोळ त्यांना कळलेलं असे. एक तेवढं त्यांना कळलं नव्हतं. मेडिकलवर औषधं देणारी त्यांची एकुलती एक संगिता आणि सोयाबीनवर ड्रोनने फवारणी करणारा देविदास यांचं जमून वर्ष झालं होतं, आणि कनेरगाव नाक्यावरच्या कुत्र्यांनाही ते ठाऊक होतं.

नाक्यावर चाँद पाशांचा धाबा आहे. धाब्यामागच्या शेडमध्ये दर रविवारी दुपारी चार-पाच पोरंपोरी फासे टाकत बसत. पैसे लावत नसल्यामुळे पोलिसांनी त्यात रस घेतला नव्हता. खेळ असा, की चाँद पाशांचा शाकीर एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून गोष्ट सांगायचा आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक सोंग घ्यायचं. संगिता एल्फ होती, म्हणजे लांब कानांची, जंगलात राहणारी. देविदास ड्वार्फ, म्हणजे बुटका, दाढीवाला, खाणीत राहणारा. शाकीरची बहीण कहकशा अर्धी माणूस आणि अर्धी एल्फ होती, आणि टोळीतली सगळी जादू तिच्याकडे होती. खूप राक्षस मारून झाल्यावर एल्फ आणि ड्वार्फ यांनी खेळातच लग्न लावलं. आता त्यांना लेकरू पाहिजे होतं. शाकीरने पुस्तक उघडलं आणि खेळ तिथंच बंद पडला.

"न्हाई होत," तो म्हणाला. "माणूस अन् एल्फचं होतं. माणूस अन् ऑर्कचं होतं, सुळेवाला असतो त्यो. एल्फ अन् ड्वार्फचं न्हाई."

"काहून न्हाई?" देविदासने विचारलं.

"किताबात न्हाई म्हणून न्हाई."

इतकं कार्यालयीन उत्तर ऐकून संगिताला वडिलांची आठवण झाली. "थांबा," ती म्हणाली, "ह्या खात्यातलं आमच्या बाबांनाच कळतं."

अमृतरावांनी पोरखेळ म्हणून उडवून लावलं असतं. पण 'कोणाचं कोणाशी जमत न्हाई' एवढे शब्द कानावर पडले आणि चष्मा आपोआप नाकावर चढला. पुढच्या रविवारी ते इस्त्रीचे कपडे घालून शेडमध्ये हजर झाले. एकट्याने निर्णय घेणं नियमात बसत नाही म्हणून त्यांनी दोन सदस्य घेतले. एक चाँद पाशा, दुसरे देविदासचे वडील भीमसिंग. हे दोघेही आपापल्या लोकांत सोयरीक जमवण्यात मातब्बर. तिघे एका बाजेवर बसले आणि चौकशी सुरू झाली.

"एल्फमधी पोटभेद हायत का?" अमृतरावांनी विचारलं.

"हायत ना. उच्च एल्फ, वन एल्फ, काळे एल्फ," शाकीर म्हणाला.

तिघांनी समाधानाने माना हलवल्या. मुलूख परका असला तरी लोक वळणाचे दिसत होते.

"उच्च अन् वनचं आपसात होतं?"

"बिनधास्त होतं."

"मंग उच्च कशाला म्हणायचं त्याला?" भीमसिंगांनी विचारलं, आणि शाकीरने पान उलटलं.

मग अमृतराव कहकशाकडे वळले. "पोरी, तू अर्धी कोण?"

"आई एल्फ, वडील माणूस."

"कोणते माणूस?"

"माणूस म्हंजी... माणूस, चाचा."

"असं नसतं बाळा." अमृतरावांना तिची खरोखर कीव आली. वडिलांच्या बाजूचा एखादा नातलग पुरावा म्हणून हजर करावा आणि वैधता सिद्ध होईपर्यंत तिने जादू करू नये, असं ठरलं. टोळी आजवर तिच्याच जादूवर जगत होती. पोरांनी तिच्याविना खेळ पुढे रेटून पाहिला, तर पहिल्याच फाशाला ड्रॅगनने दोन घोडे आणि एक पुजारी खाल्ला. समितीने घटनेची दखल घेऊन कामकाज पुढे चालू ठेवलं.

"बाकी कोणाकोणाचं जमतं तेवढं एकदा वाच," अमृतरावांनी फर्मावलं.

शाकीर वाचत गेला. एल्फचं माणसाशी. ऑर्कचं माणसाशी. राक्षसाचं माणसाशी. पार ड्रॅगनचंसुद्धा माणसाशी.

"म्हंजी जिथं तिथं माणूसच?" चाँद पाशा म्हणाले.

"व्हय अब्बा. बाकीच्यांचं एकमेकांशी जमत न्हाई. माणसाचं मात्र कोणाशीबी जमतं."

अमृतराव बाजेवरून उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला होता.

"हे ज्यानं लिहिलं त्यानं जन्मात माणूस पाह्यलेला न्हाई! अरे, साखऱ्याच्या माणसाचं जवळा बाजारच्या माणसाशी जमवता जमवता माझं टक्कल पडलं. जिल्हा तोच, रान तेच, देव तेच, तरी पोटजातीत बोटभर फरक निघाला अन् मांडव उतरवला! अन् हा म्हणतो ड्रॅगनशी जमतं?"

"बिलकुल बराबर," चाँद पाशा म्हणाले. भीमसिंगांनी मांडीवर थाप मारली. या तिघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती.

निर्णय अमृतरावांनी तोंडी सांगितला आणि शाकीरने पुस्तकाच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतला. माणसाचे सर्वांशी जमते ही तरतूद वस्तुस्थितीला सोडून असल्याने रद्द करण्यात येत आहे. एल्फ आणि ड्वार्फ यांच्या संबंधास समितीची हरकत नाही. त्यांचे होणारे लेकरू सर्व कामी पूर्ण समजावे.

तिघांनी सह्या केल्या. परमार्थ केल्यासारखं वाटून भीमसिंग म्हणाले, "लेकराचे कान लांब का दाढी लांब, कोण इचारतं हो!"

"तर काय," अमृतराव विरघळले. "दोघं कामाला चांगले. एकमेकाला पसंत. जिवाला जीव देऊन राह्यले. अजून काय पाह्यचं असतं?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलं नव्हतं. संगिताने हातातले फासे खाली ठेवले. ती म्हणाली, "बाबा, मंग माझं अन् देविदासचं?"

"तुमचं काय?"

"हेच. कामाला चांगले. एकमेकाला पसंत."

अमृतरावांनी भीमसिंगांकडे पाहिलं. भीमसिंगांनी अमृतरावांकडे पाहिलं. दोघे एकदमच म्हणाले, "न्हाई."

"काहून न्हाई? आत्ताच तर सही केली तुमी."

"ते एल्फ अन् ड्वार्फ होते गं," अमृतराव म्हणाले. त्यांचा लेकीवर फार जीव होता. तिच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी खिशातला रुमाल पुढे केला, पण नियम तो नियम. "तुमी माणसं हायत."

संगिताने डोळे पुसले. मग शाकीरच्या हातातल्या पुस्तकातलं ते सह्यांचं पान फाडून घेतलं, नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं. "मंग आमी आजपासून माणसात न्हाई," ती म्हणाली आणि देविदासच्या गाडीवर बसून निघून गेली.

महिनाभराने दोघांनी हिंगोलीला जाऊन नोंदणी लग्न केलं. अमृतरावांनी अन्न सोडलं, ते कमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दुसऱ्या दिवशी सकाळी धपाटे करून परत सुरू करून दिलं. दुपारी नातेवाइकांचे फोन सुरू झाले. पहिला संगिताच्या मामांचा.

"दाजी, पोरगा कोण हाय?"

या प्रश्नाला खोटं उत्तर अमृतरावांनी आयुष्यात दिलं नव्हतं. त्यांना स्वतःची सही आठवली. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ड्वार्फ."

पलीकडून मामांनी विचारलं, "म्हंजी बाहेरदेशचे?"

"तिकडचेच."

"हात् तिच्या! मंग काय वाईट हाय? आमाला वाटलं, इथलंच कोणी हाय का काय."

भीमसिंगांनीही आपल्या लोकांना सून एल्फ आहे असं कळवलं. गोरी असेल, असं म्हणत तेही सगळे खुशीने आले. धाब्यामागच्या शेडमध्ये दणक्यात जेवणावळ झाली. देविदासला खालून वरपर्यंत न्याहाळून मामा म्हणाले, "ड्वार्फ असून हाईट चांगली हाय." कोणी अजून दुसरं काही विचारलं नाही.

अमृतराव आता रविवारी शेडमध्ये फासे टाकायला बसतात. तुम्ही माणूस घ्या, असं शाकीरने सुचवलं होतं. "नको रे बाबा, त्यात लई तकलीफ," म्हणून त्यांनी ऑर्क घेतला. कहकशाची जादू त्यांनीच तिला परत मिळवून दिली.

या सगळ्या हकिकतीत अमृतरावांचं आडनाव आलेलं नाही. देविदासची जातही आलेली नाही. भीमसिंग या नावावरून तुम्ही निम्मा अंदाज केव्हाच बांधला असेल. उरलेल्या निम्म्यासाठी वरचा मजकूर परत चाळला असेल, तर लाजू नका. अमृतरावांनी राजीनामा दिल्यापासून मंडळाचं अध्यक्षपद रिकामं आहे आणि तुमच्यासारख्याच माणसाचा शोध चालू आहे.