आत्या पाणी बघून येते

पंचगंगेचं पाणी फुटात मोजतात, हे आमच्या इंदूआत्याला मान्य नाही. ती माणसांत मोजते. "आज पाणी पोस्टमनच्या ढोपराला हाय. सांजच्याला देसाई मास्तरच्या कमरंला लागंल." कुणी मोबाइलवरचे फूट-इंच वाचून दाखवले की म्हणते, "फूट कुणी बघितलाय? मास्तर समद्यांनी बघितलाय." अडचण एवढीच की मास्तर उंचीला बेताचे, त्यामुळे आत्याचा पूर नेहमी सरकारी पुरापेक्षा मोठा.

आत्या चढावरच्या गल्लीत राहते, आम्ही खाली नदीकडेला. पूर आला की आमचं बिऱ्हाड तिच्याकडे. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, लेक नेसरीला नांदते. घरात बाई एक, आणि भांडी पंधरा माणसांची.

पूर आला की कोल्हापूरकर पाणी बघायला जातात. बघतात, भजी खातात, घरी येतात. आत्या जाते ती नदीला झापायला. "लोकांच्या घरात किती दिस बसायचं? जरा रीतभात हाय का न्हाय?" हे ती आम्हाला मात्र कधीच म्हणत नाही.

यंदाच्या पुरात टीव्ही माळ्यावर चढवताना माझा पाय मुरगळला आणि सुजून भोपळा झाला. "हाललास तर दुसरं तंगडं मी मोडीन," आत्यानं बजावलं आणि पाणी बघायचं काम स्वतःकडं घेतलं. सकाळी न्याहारी करून जायची, दुपारी यायची आणि दारातूनच जाहीर करायची, "हाय तसंच हाय."

बातम्यांत तर पाणी ओसरल्याचं सांगत होते. "नदी उतरली म्हणून तुमची गल्ली उतरती व्हय? ती नदीपरास आळशी हाय." संध्याकाळी मात्र माझ्या बायकोकडून पाठीला बाम चोळून घ्यायची. पाणी बघून बघून पाठ धरली म्हणे. पाणी बघून पाठ कशी धरते, हे आम्ही विचारलं नाही. आत्याला प्रश्न विचारायची आमच्या खानदानात पद्धत नाही.

अकराव्या दिवशी माझा धीर सुटला. भिंती जुन्या, घर उभं आहे की बसलं, हेच डोक्यात. आत्या भाजी आणायला गेलेली बघून मी लंगडत खाली उतरलो.

गल्ली कोरडी ठणठणीत. शेजारचे गौसभाई दारात गाद्या वाळत घालत होते. मी घरात शिरलो. फरशी लख्ख. भिंतीवरची ओल सोडली तर पूर येऊन गेला असं वाटेना.

"गौसभाई, हे धुतलं कुणी?"

"कुणी म्हंजे? तुमच्या आत्यानं. पाणी उतरून पाच दिस झालं की. तीन दिस एकटीनं गाळ उपसला. मी फावडं घिऊन गेलो तर मलाच वराडल्या."

"आणि काल-परवा?"

"काल-परवा काय कामच नव्हतं. यायच्या, उंबऱ्यावर बसायच्या. दुपारी उठून जायच्या."

पुराचा गाळ काय असतो, ते मला ठाऊक आहे. दोन धडधाकट माणसांचा घाम काढतो, आणि आत्या सत्तरीची. आधी तिच्या खोटेपणाचा राग आला, मग माझीच मला लाज वाटली. पण ती रिकामी उंबऱ्यावर बसायची, हे ऐकून मीही जरा वेळ त्याच उंबऱ्यावर टेकलो.

परत आलो तेव्हा आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती.

"कुठं गेलतास?"

"पाणी बघायला."

तिचा हात थांबला. "मग?"

"लई हाय अजून. रविवारपतूर काय उतरत न्हाय."

आत्यानं माझ्याकडं रोखून बघितलं. "आत्याला खोटं सांगाय लाज न्हाय वाटत?"

"वाटती की."

"घर झालंय तुमचं सोच्छ. जावा उद्या."

"जात न्हाय."

यावर आत्या मला झापेल असं वाटलं होतं. ती पिठाच्या हातानंच तोंड झाकून रडायला लागली. मी दुखरा पाय पसरून तिच्याशेजारी बसलो आणि लसूण सोलायला घेतला.